एकाच कोलेस्टेरॉलमधनं इतकी हॉर्मोन्स होतात कशी? वाचकांचे प्रश्न

मागच्या अंकात मी लिहिलं होतं की स्टेरॉईड म्हणजे नुसतं जिममधलं इंजेक्शन नाही, प्रत्येकाच्या अंगात ते रोज तयार होतं. त्यावर सांगली-साताऱ्याकडनं भरपूर पत्रं आली. त्यातली पाच निवडली आहेत. मी डॉक्टर नाही, सांगलीत बरीच वर्षं बायोकेमिस्ट्री शिकवली, त्यामुळे डोस किती घ्यायचा हे विचारू नका, पण आत काय चाललंय ते नक्की सांगते.

प्रश्न : मॅडम, माझा मुलगा दोन वर्षांचा आहे. जन्मला तेव्हा एकदम छान होता, तीन किलो वजन. बाराव्या-तेराव्या दिवसापासनं उलट्या, दूध ओढंना, वजन उतरायला लागलं. दोन ठिकाणी दूध पचत नाही म्हणून परत पाठवलं, तिसरीकडं रक्त तपासलं तर सोडियम खूप कमी आणि पोटॅशियम जास्त. मग सीएएच (ॲड्रिनल ग्रंथीचा जन्मजात आजार) निघालं, २१ नंबरचं एन्झाईम नाही म्हणाले. रोज हायड्रोकॉर्टिसोन आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन चालू आहे. घरातले म्हणतात एवढ्याशा पोराला स्टेरॉईड कशाला देतेस. माझ्या खाण्यात काही चुकलं का? आणि एन्झाईम नाही म्हणजे नेमकं काय नाही? (एक आई, मिरज तालुका)

ताई, आधी खाण्याच्या प्रश्नाचं उत्तर देते, कारण तोच तुम्हाला रात्री झोपू देत नसणार. तुमच्या खाण्यात काहीही चुकलेलं नाही. पपई खाल्ली, ग्रहणात सुरी धरली, उपवास केला, कशाचाही याच्याशी संबंध नाही.

आता एन्झाईमचं. एन्झाईम म्हणजे पेशीतला कामगार, एका पदार्थाचा दुसरा पदार्थ करून देणारा. किडनीच्या डोक्यावर टोपीसारखी एक छोटी ग्रंथी असते, ॲड्रिनल. दोन किडन्या तशा या दोन. तिथं कच्चा माल एकच येतो, कोलेस्टेरॉल, तेच ज्याला आपण सगळे घाबरतो. त्यात २७ कार्बन असतात, चार कड्या एकमेकीला चिकटलेल्या आणि मागं एक शेपूट. या चार कड्यांच्या सांगाड्यालाच स्टेरॉईड म्हणतात. पहिलं एन्झाईम शेपटातले ६ कार्बन तोडून टाकतं, राहतात २१. त्या कड्या शेवटपर्यंत जवळजवळ तशाच राहतात, नंतरची एन्झाईम्स फक्त कडेकडेनं बारीक काम करतात, कुठं एक ऑक्सिजन बसव, कुठं दोन हायड्रोजन काढ, बास. पण तेवढ्या फरकानं एक हॉर्मोन मीठ धरून ठेवतं, दुसरं आजारपणात बीपी आणि साखर सांभाळतं आणि तिसरं मिसरूड फुटवतं. मी हे इतकी वर्षं शिकवलं तरी दर वेळी मला याचं नवल वाटायचं, अजून वाटतं.

तुमच्याकडं ऊस असेल तर हे लगेच कळेल. पाटाला पाणी आलंय आणि पुढं तीन सऱ्या आहेत. दारं मोडलं की पाणी त्या सरीत जातं. ॲड्रिनलमध्ये पण अशा तीन सऱ्या समजा. एक ॲल्डोस्टेरॉनची, म्हणजे मीठ राखणाऱ्या हॉर्मोनची, एक कॉर्टिसॉलची, आणि एक पुरुषी हॉर्मोन्सची. पहिल्या दोन्ही सऱ्यांच्या तोंडाशी २१-हायड्रॉक्सिलेज हे एन्झाईम बसलेलं असतं. त्याचं काम काय, तर २१ नंबरच्या कार्बनवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी बसवायची, एवढंच. तिसऱ्या सरीला त्याची गरजच नाही.

तुमच्या बाळात हे एन्झाईम काम करत नाही, म्हणजे पहिल्या दोन सऱ्यांचं दारं कायमचं बंद. पाणी कुठं जाणार? मागं तुंबणार आणि तिसऱ्या सरीत घुसणार. त्यात मेंदूला कळतं की कॉर्टिसॉल पोचत नाहीये, म्हणून तो एसीटीएच नावाचा निरोप वाढवतो, म्हणजे शेवटच्या वाफ्याला पाणी जाईना म्हणून वरनं आणखी एक मोटर सुरू केल्यासारखं झालं. तुंबणं अजून वाढतं. रिपोर्टमध्ये तुम्ही १७-ओएचपी हा आकडा बघितला असेल, तो म्हणजे बंद दारापाशी तुंबलेला माल. डॉक्टर तो मोजतात.

मीठ राखणारं हॉर्मोन नाही म्हणून लघवीतनं सोडियम वाहून जातं आणि पोटॅशियम आत साठतं. पहिल्या काही दिवसांत बाळ तग धरतं आणि पहिल्या ते तिसऱ्या आठवड्यात एकदम ढासळतं, तुमचं बाराव्या-तेराव्या दिवशी झालं ते याच्यात नेमकं बसतं. आणि मुलगा असल्यामुळे जन्मतः बाहेरनं काहीच दिसलं नाही. मुलीत हाच दोष असेल तर पुरुषी हॉर्मोन जास्त झाल्यानं जननेंद्रियाची ठेवण वेगळी दिसते, त्यामुळे निदान बऱ्याचदा जन्मल्याबरोबर होतं. मुलांत ते हुकतं. म्हणून टाचेतनं रक्ताचा थेंब घेऊन जी नवजात तपासणी करतात तिच्यात ही टेस्ट असणं फार गरजेचं आहे आणि ती सगळीकडं होत नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं. ज्यांच्या घरी बाळ येणार आहे त्यांनी आपल्या दवाखान्यात स्वतःहून विचारा.

हा दोष येतो कसा? या एन्झाईमचा जीन सहाव्या क्रोमोसोमवर असतो आणि त्याच्या शेजारीच त्याच्यासारखा दिसणारा एक निकामी जीन बसलेला आहे. दोघं इतके सारखे की पेशी कॉपी करताना कधीकधी निकामी शेजाऱ्याचा तुकडा चांगल्यात येऊन बसतो. आई-वडील दोघांकडं एकेक चांगला जीन असतो म्हणून ते ठणठणीत असतात, पण बाळाला दोघांकडनं बिघडलेलाच मिळाला तर आजार होतो. दर गरोदरपणात ही शक्यता चारात एक. आपल्याकडं मामाच्या मुलीशी लग्नं होतात, तिथं दोघांकडं एकच बिघाड असायची शक्यता वाढते, पण नात्याबाहेरच्या लग्नातही हे होतं, त्यामुळे कुणी कुणाला बोल लावू नका. पुढचं मूल हवं असेल तर आधी जेनेटिक सल्ला घ्या.

आता घरच्यांचं म्हणणं. हायड्रोकॉर्टिसोन म्हणजे दुसरं काही नसून कॉर्टिसॉलच आहे, रेणू तोच. आणि फ्लुड्रोकॉर्टिसोन मीठ राखणाऱ्या ॲल्डोस्टेरॉनचं काम करतं. तुमचं बाळ जे स्वतः बनवू शकत नाही ते तुम्ही तोंडातनं देताय. हे बंद करणं म्हणजे त्याचं जेवण बंद करण्यासारखं आहे, आणि मी हे जोर देऊन सांगते, कुणाच्याही सांगण्यावरनं एक दिवससुद्धा चुकवू नका. ज्या स्टेरॉईडला लोक घाबरतात ते गरजेपेक्षा जास्त, विनाकारण दिलेलं. इथं जेवढं नाही तेवढंच भरून काढायचं चाललंय.

ताप आला की निरोगी माणसाची ॲड्रिनल आपोआप जास्त कॉर्टिसॉल सोडते. तुमच्या बाळाची सोडू शकत नाही, म्हणून तापात डोस वाढवायचा असतो, साधारण दुप्पट-तिप्पट, किती ते तुमच्या डॉक्टरांकडनं आत्ताच कागदावर लिहून घ्या आणि तो कागद फ्रिजला चिकटवा. उलटी होत असेल तर गोळी पोटात राहतच नाही, मग इंजेक्शन लागतं, थांबायचं नाही, थेट दवाखाना. तुम्ही पत्रात लिहिलंय की गोळी चमच्याच्या पाठीनं चुरडून कागदावर बोटानं चार ढीग करता. ताई, ते चारही ढीग सारखे होत नाहीत. डॉक्टरांना सांगा, काही ठिकाणी मोजून पुड्या करून मिळतात.

प्रश्न : बीएस्सीला आहे. पुस्तकात सगळीकडं पी-४५० येतं, हे ४५० म्हणजे काय? आणि सीवायपी-१७ एकटंच दोन कामं कसं करतं? सर म्हणाले पाठ कर. (एक विद्यार्थिनी, सातारा)

पाठ करू नकोस, समजून घे, एकदा कळलं की आयुष्यभर विसरणार नाहीस.

पी-४५० हे एन्झाईम्सच्या एका गटाचं नाव, सीवायपी-१७ त्यातलंच एक. पी म्हणजे पिगमेंट. या एन्झाईमच्या पोटात हिमोग्लोबिनसारखाच हीम असतो, मधोमध लोखंडाचा अणू. त्याला कार्बन मोनॉक्साईड चिकटवून प्रकाश पाडला की तो ४५० नॅनोमीटरला सगळ्यात जास्त शोषून घेतो, त्यावरनं जपानच्या ओमुरा आणि सातो यांनी १९६० च्या दशकात हे नाव दिलं. म्हणजे ४५० हा आकडा प्रकाशाचा आहे, एन्झाईमचा नंबर नाही, परीक्षेत निम्मी मुलं इथंच चुकतात.

काम कसं चालतं बघ. लोखंडाच्या अणूवर ऑक्सिजनचा रेणू येऊन बसतो. त्यात दोन अणू. एक स्टेरॉईडवर जातो आणि दुसऱ्याचं पाणी होतं. पण ऑक्सिजन असा सहजासहजी तुटत नाही, त्याला दोन इलेक्ट्रॉन लागतात, ते एनएडीपीएच नावाचा रेणू देतो. तोही थेट हातात देत नाही, मध्ये पोचवणारे असतात. मायटोकॉन्ड्रियात, म्हणजे पेशीच्या वीजघरात, हे काम ॲड्रिनोडॉक्सिन नावाचं छोटं प्रोटीन करतं, आणि एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये, म्हणजे पेशीतल्या पडद्यांच्या जाळ्यात, पीओआर नावाचं. म्हणून कधीकधी एन्झाईम ठणठणीत असतं पण पोचवणाराच बिघडलेला असतो आणि एकाच वेळी दोन-तीन एन्झाईम्स मंदावतात, रिपोर्ट बघून डॉक्टरही गोंधळतात.

सीवायपी-१७ चं दुसरं काम जास्त मजेशीर आहे. आधी ते १७ नंबरच्या कार्बनवर हायड्रॉक्सिल, म्हणजे तीच ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी, बसवतं. इथं थांबलं तर माल कॉर्टिसॉलकडं जातो. नाही थांबलं तर तेच एन्झाईम १७ आणि २० मधला बंध तोडतं, २१ कार्बनचे १९ होतात आणि डीएचईए तयार होतं, म्हणजे पुरुषी हॉर्मोन्सची वाट. मग थांबायचं की तोडायचं हे ठरवतं कोण? बऱ्याच अंशी सायटोक्रोम बी-५ नावाचं शेजारचं प्रोटीन. ते जवळ असलं की तोडायचं काम जोरात चालतं. ॲड्रिनलच्या सगळ्यात आतल्या थरात, झोना रेटिक्युलॅरिसमध्ये, ते भरपूर असतं म्हणून तिथं डीएचईए होतं, मधल्या थरात कमी म्हणून तिथं कॉर्टिसॉल, आणि सगळ्यात बाहेरच्या थरात सीवायपी-१७ च नसतं म्हणून तिथं ॲल्डोस्टेरॉन. कच्चा माल तोच, थर वेगळा, कामगार वेगळे, म्हणून माल वेगळा. वहीत तीन रंगांनी तीन थर काढ आणि प्रत्येकात कोण आहे कोण नाही एवढंच लिही, अख्खा चार्ट आपोआप डोक्यात बसेल.

आणि एक, ज्यांच्या नावाच्या शेवटी एचएसडी आहे ती एन्झाईम्स वेगळ्या जातीची. त्यांच्यात लोखंड नाही, ती फक्त हायड्रोजन देतात-घेतात आणि त्यातली काही दोन्ही बाजूंनी चालू शकतात. पी-४५० चं काम मात्र एकदा झालं की माघारी फिरत नाही.

प्रश्न : वय ६३, बीपीची गोळी चालू आहे. घशासाठी सहा-सात महिने रोज ज्येष्ठमध चघळतो, संध्याकाळी काढा पण. आता बीपी उतरतच नाही, पाय सुजतात, पोटॅशियम कमी आलंय. डॉक्टरांनी ज्येष्ठमध बंद करा म्हटलं. झाडाची मुळी आहे, तिनं कसा त्रास होईल? (कराड)

काका, डॉक्टरांचं ऐका, अगदी बरोबर बोललेत. नैसर्गिक म्हणजे निरुपद्रवी असं नसतं, आणि ज्येष्ठमध हे त्याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आहे.

मघाशी मीठ राखणाऱ्या ॲल्डोस्टेरॉनबद्दल लिहिलं. किडनीत त्याच्यासाठी एक कुलूप असतं, म्हणजे रिसेप्टर. गंमत अशी की त्या कुलपाला कॉर्टिसॉलची किल्लीसुद्धा तितकीच छान बसते, आणि रक्तात कॉर्टिसॉल ॲल्डोस्टेरॉनच्या शेकडो पट जास्त असतं. मग ते कुलूप सतत उघडंच राहायला हवं ना? राहत नाही, कारण किडनीच्या त्या पेशीत ११-बीटा-एचएसडी-२ नावाचं एन्झाईम राखणीला बसलेलं असतं. आत येणाऱ्या कॉर्टिसॉलचं ते लगेच कॉर्टिसोन करून टाकतं आणि कॉर्टिसोनची किल्ली त्या कुलपाला लागत नाही.

ज्येष्ठमधात जो गोडवा असतो तो ग्लायसिरायझिनचा. पोटात गेल्यावर त्यापासनं जे ॲसिड होतं ते नेमकं या राखणदाराला झोपवतं. मग कॉर्टिसॉल मोकाट सुटतं, कुलूप उघडतं, किडनी मीठ आणि पाणी धरून ठेवते, पोटॅशियम बाहेर टाकते. बीपी चढतं, पाय सुजतात, अंगात ताकद वाटत नाही, आणि पोटॅशियम फारच उतरलं तर हृदयाचे ठोके बिघडतात. १९४० च्या दशकात हॉलंडमध्ये पोटाच्या अल्सरला ज्येष्ठमध द्यायचे, तिथं एका डॉक्टरला पेशंटच्या अंगावर अशीच सूज दिसली, तेव्हापासनं हे माहिती आहे.

घसा बसला म्हणून दोन दिवस कांडी चघळली तर निरोगी माणसाला सहसा काही होत नाही. पण बीपीवाल्यानं महिनोन्महिने रोज नको. बंद केल्यावरही राखणदार जागा व्हायला काही दिवस ते दोन-तीन आठवडे लागतात, तोवर पोटॅशियम तपासत राहा. बीपीची गोळी आपल्या मनानं कमी-जास्त करू नका. आणि घरातल्या खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवर, चूर्णाच्या डबीवर ज्येष्ठमध लिहिलंय का तेही चष्मा लावून वाचा, बऱ्याच ठिकाणी असतं. यष्टिमधु लिहिलं असेल तर तेही तेच.

प्रश्न : तालमीत जातो, वय १९. एकजण टेस्टोस्टेरॉनचं इंजेक्शन घे म्हणतोय, शरीरात असतंच की मग काय बिघडतं. (तासगाव)

बिघडतं बाळा, आणि तुझ्या वयात तर फारच. टेस्टोस्टेरॉन बाहेरनं आलं की मेंदू एलएच नावाचा निरोप पाठवायचं बंद करतो. वृषणातली जी एन्झाईम्स कोलेस्टेरॉलपासनं टेस्टोस्टेरॉन बनवत होती ती या निरोपावरच चालतात, ती थंडावतात, वृषण लहान होतात, शुक्राणू कमी होतात किंवा पूर्ण थांबतात, आणि इंजेक्शन सोडल्यावर गाडी रुळावर यायला कित्येक महिने लागू शकतात. त्यात चरबीत ॲरोमटेज नावाचं एन्झाईम असतं, ते जादाच्या टेस्टोस्टेरॉनचं इस्ट्रोजेन, म्हणजे बायकी हॉर्मोन, करतं, म्हणून अशा पोरांची छाती बायकांसारखी सुटते. ती थांबवायला मग दुसरी गोळी घेतात, आणि स्पर्धेत या दोन्हींवर बंदी आहे. तुझ्या वस्तादांना विचार, खुराक, जोर, बैठका आणि झोप यावर या मातीत किती पैलवान घडले ते सांगतील.

प्रश्न : बारावीला आहे. आमची माडग्याळ मेंढरं आहेत. बाबा म्हणतात मेंढी कधी व्यायची ते मेंढीला कळतं. मी म्हणते कोकराला कळतं, कुठंतरी वाचलं होतं. कोण बरोबर? (जत तालुका)

तू बरोबर आहेस, आणि हा प्रश्न मला सगळ्यात जास्त आवडला म्हणून शेवटी ठेवला.

मेंढी गाभण राहते साधारण पाच महिने. तेवढे दिवस पोट शांत ठेवायचं काम प्रोजेस्टेरॉन करतं, आणि मेंढीत शेवटी-शेवटी ते वारेत बनतं. दिवस भरत आले की पोटातल्या कोकराचा मेंदू त्याच्याच ॲड्रिनलला हाक मारतो, कोकराचं कॉर्टिसॉल वाढतं. ते कॉर्टिसॉल वारेत जाऊन सीवायपी-१७ जागं करतं, हो, साताऱ्याच्या मुलीचं तेच एन्झाईम. ते एकदा आलं की प्रोजेस्टेरॉनकडं जाणारा माल इस्ट्रोजेनकडं वळतो. शांत ठेवणारं उतरलं, कळा आणणारं चढलं, मेंढी व्यायला बसते. म्हणजे दारं कोकरू मोडतं. तुझे बाबाही पूर्ण चूक नाहीत, कास उतरलेली आणि मेंढी कळपातनं बाजूला होऊन जमीन उकरायला लागलेली त्यांना दिसते, तेव्हा आतला निरोप मेंढीपर्यंत पोचलेला असतो.

हे न्यूझीलंडच्या ऑकलंडमध्ये ग्रॅहम लिगिन्स यांनी मेंढ्यांवर शोधलं. पोटातल्या कोकराला स्टेरॉईड दिलं की कळा लवकर येतात का हे ते बघत होते, आणि त्यात एक गोष्ट त्यांच्या नजरेला पडली. फार लवकर जन्मलेलं कोकरू, जे मरायलाच हवं होतं, ते श्वास घेत होतं. फुप्फुसं फुगलेली होती. स्टेरॉईडनं फुप्फुसं आधीच तयार झाली होती. मग त्यांनी आणि रॉस हॉवी यांनी दिवस भरायच्या आधी बाळंत होणाऱ्या २८२ बायकांवर बीटामेथासोन या स्टेरॉईडचं इंजेक्शन देऊन बघितलं आणि १९७२ मध्ये निकाल छापला, बाळांचा श्वासाचा त्रास कमी झाला होता, मृत्यूही कमी झाले होते. आज आपल्याकडंही सातव्या-आठव्या महिन्यात कळा सुरू झालेल्या बाईला दवाखान्यात याच जातीचं इंजेक्शन देतात, बहुतेक वेळा डेक्सामेथासोन.

माणसाच्या वारेत मात्र सीवायपी-१७ हे एन्झाईम जवळजवळ नसतंच, त्यामुळे बाईच्या कळा या वाटेनं सुरू होत नाहीत, आपली वाट वेगळी आहे आणि ती बरीच गुंतागुंतीची आहे. पण फुप्फुसाचं जे गणित कोकरात दिसलं ते आपल्या बाळातही तसंच लागू पडलं. बाबांना हे वाचून दाखव, आणि या वेळी जी मेंढी व्यायला बसेल तिची मेंढा दाखवल्याची तारीख आणि व्यायल्याची तारीख दोन्ही भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेव. किती दिवस भरले ते मला कळव.